मळ्यातल्या वस्तीवर राखणीचं कुत्रं: निवडण्यापासून कामाला लागेपर्यंत

मळ्यात घर बांधलं की वास्तुशांतीच्या पंगतीतच कुणीतरी विचारतं, "मग कुत्रं कुठलं आणणार?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "मुधोळ बघतोय." बारा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, गावापासून दीड किलोमीटर आत आमची वस्ती आहे. चार म्हशी, आठ-दहा शेळ्या, परसात कोंबड्या आणि चहूबाजूंनी ऊस. पहिलं कुत्रं मी रुबाब बघून घेतलं, दुसरं फुकट मिळालं म्हणून ठेवलं, तिसरं मात्र दीड महिना शोधून आणलं. राखण केली ती या तिसरीनं. चिमी तिचं नाव. रंग मातकट, उंची माझ्या गुडघ्याच्या जरा वर. पाहुणे अजून विचारतात, "हे होय तुमचं राखणीचं कुत्रं?"

नवीन वस्ती करणाऱ्यांची माझ्यासारखी दोन कुत्री वाया जाऊ नयेत म्हणून हे क्रमानं लिहितोय.

पहिलं काम: राखण कशापासून, ते ठरवा

कुत्रं बघायला जायच्या आधी आठवडाभर रात्री नऊ ते अकरा आणि पहाटे चार ते सहा या वेळात बॅटरी घेऊन अंगणात बसा. सकाळी बांधावरचे ठसे बघा. काय येतं, कुठल्या बाजूनं येतं, किती वेळा येतं, ते वहीत लिहा. आमच्या वहीत उंदीर-घुशी रोज होत्या. कोल्हा आठवड्यातून दोनदा, कोंबड्यांच्या वासानं. तो ऊसही खातो. ऊस भरायला लागला की रानडुकरं. बिबट्या वर्षातून पाच-सहा वेळा. चोर मात्र बारा वर्षांत एकदाच. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या भागात असाल तर वहीत गवा येणार; आजरा-चंदगडला हत्तीसुद्धा.

ही वही वाचली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. यातली निम्मी कामं कुत्र्याची नाहीतच. नदीवरच्या मोटारीची तांब्याची केबल चोरीला जाते, पण ती घरापासून अर्धा किलोमीटर लांब. अंगणातल्या कुत्र्यानं तिथं काय करायचं? गव्याच्या अंगावर कुत्रं सोडलं तर ते घाबरून पळतं आणि पळून येतं ते मालकाकडंच, मागून गवा. डुकराच्या सुळ्यानं पोट फाटलेली दोन कुत्री आमच्याच शिवारात मी बघितली आहेत. मग कुत्र्यासाठी उरतं काय? अनोळखी माणूस, कोल्हा, घुशी, आणि बिबट्या आल्याची वर्दी. म्हणजे आपल्याला त्याच्याकडून हवं आहे ते भुंकणं, आणि तेही वेळेवर, कारण असेल तेव्हाच. त्यासाठी कुत्र्याचे कान, त्याची समज आणि घराची ओढ आधी बघायची. छाती, उंची, जबडा यांची पाळी त्यानंतर.

शिकारीचं काय?

"राखण करंल आणि जमलं तर शिकारबी करंल," असं म्हणणारे आमच्या गावात अजून आहेत. कोल्हापूरला शिकारीचं वेड जुनंच. संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची. दाजीपूरचं रान महाराजांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. पण तेच रान १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं विषय संपवला. या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फासा लावणं, त्यासाठी हाका घालणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्यात धरलं आहे. कुत्र्यानं ससा धरून आणला आणि तुम्ही तो चुलीवर चढवला, तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. घोरपड आणि मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. तिथं शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. डुकरांनी किंवा गव्यांनी पीक तुडवलं तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यायचा. १९२६ हा 'हॅलो फॉरेस्ट'चा नंबर फोनमध्ये ठेवा.

राहते शिकार उंदरांची आणि घुशींची. ती मात्र मनसोक्त करू द्या. गंजी हलवायची असेल, गोठ्यातली वैरण उपसायची असेल, तेव्हा कुत्र्याला शेजारी ठेवायचं. चिमी अशा वेळी भुंकत नाही, शेपूटसुद्धा हलवत नाही. मान तिरकी करून पेंढ्यांखालची खसखस ऐकत राहते. पेंढी उचलली की एक झेप, मानेला धरून एकच झटका, उंदीर बाजूला टाकून लगेच दुसऱ्या पेंढीकडं. एका सकाळी तिनं अकरा मारले. पण यात एक अट आहे. ज्या घरातलं कुत्रं उंदीर मारतं, त्या घरात उंदराचं औषध ठेवायचं नाही. औषध खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तर उंदरापाठोपाठ कुत्रंही जातं. शेजाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

कुठल्या जातीचं?

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुधोळ, म्हणजेच कारवान, हे अस्सल दख्खनी कुत्रं. मुधोळ गाव सीमेपलीकडं बागलकोट जिल्ह्यात आहे आणि तिथल्या घोरपडे राजघराण्यानं ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हे होतं. आता सैन्यातही गेलं आहे. उंच, सडपातळ, पोट आत गेलेलं, लांब मुस्काट. सुंदर कुत्रं, वाद नाही. पण ते नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे. मोकळ्या माळावर लांबवर काहीतरी हललं की धावायचं, यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या घडवलं गेलं. आमच्याकडं माळ कुठं आहे? दहा-बारा फूट उंच उसात या कुत्र्याला काय दिसणार? आणि जिथं दिसतं, तिथं ते थांबत नाही. माझं पहिलं कुत्रं, राजा, हे असंच मुधोळ म्हणून घेतलेलं. तो दूधवाल्याला, वायरमनला, अनोळखी माणसालाही लांबून बघून गप्प बसायचा. ससा दिसला की मात्र हाक कानात शिरायचीच नाही. तिसऱ्यांदा असाच सुटला आणि डांबरी रस्त्यावर ट्रकखाली गेला. त्याची चूक नव्हती. मी धावणाऱ्या कुत्र्याला बसायचं काम दिलं होतं.

कागल, गडहिंग्लजच्या बाजूला मोकळा माळ असेल, उंच कंपाउंड असेल, रोज तासभर पळवायला माणूस असेल, तर कारवान जरूर घ्या. पण मग हौस म्हणून घ्या आणि राखणीला दुसरं कुत्रं ठेवा. एक गोष्ट लक्षात असू द्या: या जातीच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळं काही भुलीची औषधं तिला जड जातात. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगायची.

गावठी कुत्रं हा माझा कौल. पंधरा ते वीस किलोचं, उभ्या कानांचं, आखूड केसांचं. आपल्या पावसाला आणि उन्हाला सरावलेलं, थोडक्यात भागणारं. मुख्य म्हणजे संशयी. गावठी कुत्र्याला अनोळखी गोष्ट आवडत नाही, आणि राखणीला हाच गुण लागतो. लोक त्याला किंमत देत नाहीत, कारण त्याची किंमत मोजावी लागत नाही.

धनगरी कुत्रं म्हणजे गावठीच, पण मेंढरांमागं वाढलेलं. अंगानं थोरलं, आवाज खर्जातला, आणि जनावरात मिसळून राहायची सवय जन्मापासूनची. शेळ्या-मेंढ्या असतील तर याच्यासारखं दुसरं नाही. चिमीची आई अशीच.

राजापालयम तमिळनाडूचं, पांढरंशुभ्र, राखणीला तिखट. पण या जातीत बहिरी पिल्लं निघतात आणि कातडी नाजूक असते. कान तपासल्याशिवाय घेऊ नका.

जर्मन शेफर्ड हुशार असतं, पण त्या केसाळ अंगाला आपल्या पावसाळ्यात गोचीड आणि खरूज लागते. महिन्याचा खर्च शेळीच्या दुधात निघत नाही. लॅब्राडोर चोराला पाणी विचारेल. रॉटवायलर, पिटबुल यांच्या वाटेला नवख्यानं जाऊच नये. वस्तीवर ऊसतोडीची माणसं येतात, त्यांची लेकरं येतात, भांगलायला बायका येतात. एक चूक झाली तर भरून निघत नाही.

नर की मादी?

मादी. भाद्रपदात नर चार-चार दिवस घरी येत नाहीत, आले तर कान फाटून, पाय लंगडत येतात. मादी घर सोडत नाही. ती माजावर आली की गावची सगळी कुत्री दारात जमतात, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे नसबंदी. सहा महिन्यांनंतर डॉक्टरांना विचारून करून घ्या. "नसबंदी केली की कुत्रं सुस्त होतं," असं सांगणारे भेटतील. चिमीची करून नऊ वर्षं झाली, रात्री तिच्या भुंकण्यानं झोपमोड झालेले पाहुणे साक्षीला आहेत.

शेवटी दोन कुत्री असावीत, पण एकाच विणीची दोन पिल्लं एकदम आणू नका. ती एकमेकांत रमतात, तुमच्याकडं बघत नाहीत आणि जोडीनं रानात पळतात. पहिलं दीड-दोन वर्षांचं होऊन कामाला लागलं की मग दुसरं आणा. निम्मं शिक्षण पहिलंच देतं.

पिल्लू कधी, कुठून आणि कसं

बहुतेक गावठी कुत्री भाद्रपदाच्या आसपास लागतात. साधारण त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, पिल्लं होतात. पौषात ती दोन महिन्यांची होतात आणि तीच आणायची वेळ. याच काळात उसाचा हंगाम असतो, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर पिल्लं येतात आणि फड संपला की मागं राहतात. धनगरांचे कळपही याच सुमारास रिकाम्या रानात खतासाठी बसायला येतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे, आणि ती बरोबर आहे. भावंडांत चावता-चावता किती जोरात चावायचं, हे पिल्लू याच दिवसांत शिकतं. मला राजा पाच आठवड्यांचा विकला होता, "ओरिजिनल मुधोळ" म्हणून. विकणाऱ्यानं आई दाखवली नाही आणि मीही विचारलं नाही.

चिमीच्या वेळी शहाणा झालो होतो. शेजारच्या रानात मेंढरं बसली होती, पालाशेजारी कुत्रीनं पाच पिल्लं घातलेली. मी सगळ्यात गुबगुबीत पिल्लू उचलायला वाकलो तसे धनगरमामा म्हणाले, "पाव्हणं, पिल्लाचं काय बघताय? आई बघा की. पिल्लं समदी चांगलीच दिसत्यात."

आई बघायची म्हणजे काय, तेही त्यांनीच दाखवलं. मला वीस पावलं मागं पाठवून परत यायला सांगितलं. कुत्री उठली, पिल्लांच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली, भुंकली, पण अंगावर आली नाही. मामांनी नुसतं "ए गप" म्हटलं तशी गप्प झाली, पण नजर माझ्यावरच. "हिच्यात राखण हाय," मामा म्हणाले. आई जर थेट चावायला धावली किंवा पिल्लं टाकून पळाली, तर ती वीण सोडून द्या.

मग पिल्लं. यासाठी अर्धा तास ठेवा, शक्यतो सकाळी, त्यांनी खायच्या आधी. पिल्लांच्या मागं दहा फुटांवर स्टीलचं ताट जमिनीवर टाका. जे दचकतं, थबकतं आणि मग हळूहळू ताट हुंगायला येतं, ते तुमचं. जे पळून पालात शिरतं आणि बाहेर येतच नाही, ते मोठेपणी फटाक्यांना, विजेच्या कडकडाटाला भिऊन घर सोडेल. जे मागं वळूनही बघत नाही, त्याचे कान तपासा. नंतर एकेकाला भावंडांपासून थोडं लांब नेऊन खाली सोडा आणि तुम्ही चालू लागा. शेपूट वर करून मागं येणारं पिल्लू माणसाला धरून राहतं. पायाला चावत, गुरगुरत येणारं नवख्यासाठी नको. एका बाजूला जाऊन एकटंच हुंगत बसणारंही नको.

शेवटी अंग तपासा. हिरड्या गुलाबी, डोळे कोरडे, नाकात शेंबूड नाही. बेंबीला गाठ नाही. पोट ढोलासारखं फुगलेलं असेल तर जंत आहेत. ते बरे होतात, त्यासाठी पिल्लू नाकारू नका. चालताना मागचे पाय एकमेकांत अडकत नाहीत ना, ते बघा.

गावातली जाणती माणसं मागच्या पायांची नखं मोजतील. "वीस नखांचं असलं तर घे," म्हणतील. साध्या कुत्र्याला अठरा नखं असतात. काहींच्या मागच्या पायांना आतल्या अंगाला एकेक जादा असतं. ते शुभ मानायचं तर माना, राखणीशी त्याचा संबंध नाही. उलट ते लोंबतं नख कुंपणात अडकून फाटतं, म्हणून वेळच्या वेळी कापायला लागतं. कान कापले की कुत्रं तिखट होतं, हा दुसरा समज. तो निव्वळ छळ आहे.

घरी आणल्यावर: पहिली सुई, मग लाड

दुसरं कुत्रं टिप्या, टोळी मागं ठेवून गेली ते. गोजिरवाणं होतं. "उद्या नेऊ डॉक्टरकडं" म्हणत महिना गेला. एका सकाळी ओकायला लागलं, संध्याकाळी रक्ताची हगवण, तिसऱ्या दिवशी संपलं. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा साथीचा रोग. दोष सगळा माझा.

तेव्हा पिल्लू आणलं त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सहा ते आठ आठवड्यांना पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, तीन महिने झाले की रेबीजची. रेबीजची पुढं दर वर्षी, चुकवायची नाही. लसीत लेप्टो, म्हणजे उंदरांपासून होणाऱ्या तापावरची लस, आहे ना, ते विचारून घ्या, कारण आपलं कुत्रं उंदीर तोंडात धरणार आहे. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढं तीन महिन्यांतून एकदा. डोस पूर्ण होईपर्यंत गावातल्या कुत्र्यांत सोडू नका. आणि म्हशीचं गोचिडाचं इंजेक्शन उरलं म्हणून अंदाजानं कुत्र्याला टोचू नका. डोस वजनावर असतो, चुकला तर कुत्रं झटके येऊन मरतं.

लस चालू असताना शिक्षणही चालू ठेवा. राखणीचं वेगळं शिक्षण लागत नाही. शिकवायचं ते तीन गोष्टींबद्दल: कोंबड्या, हद्द आणि माणसं.

कोंबड्यांना दाणे टाकताना पिल्लाला दोरीनं शेजारी बसवा, रोज दहा मिनिटं, महिनाभर. झेपावलं की दोरी ओढायची नाही, नुसती धरून ठेवायची. शांत बसलं की भाकरीचा तुकडा. कोंबडी मारली तर ती गळ्यात बांधायची, हा जुना उपाय करू नका. कुत्र्याला एवढंच कळतं की गळ्यात खाऊ आहे.

हद्द शिकवायची म्हणजे रोज संध्याकाळी दोरीला धरून बांधाबांधानं एक फेरी. त्याच वाटेनं, त्याच दिशेनं. दोन महिन्यांत कुत्रं बांधावर येऊन स्वतःच वळायला लागतं. दोरी सुटल्यावरही चिमी कधी बांध ओलांडून भुंकली नाही.

माणसांचं जरा नाजूक. दूधवाला, ऊसतोडीचा मुकादम, शेजारपाजारचे, सगळ्यांच्या हातून पिल्लाला एकदा तरी हुंगू द्या. राखणीचं कुत्रं माणूसघाणं असलं पाहिजे, या समजापायी त्याला कुणाला भेटूच देत नाहीत आणि मग ते भीतीनं चावतं. हाकेला "यू यू" ठेवा किंवा नाव ठेवा, पण दोन्ही एकदम नको. "हाड" हा शब्द मात्र घरच्या कुत्र्याला वापरू नका. बाहेरच्या कुत्र्याला हाकलताना तुमचंच कुत्रं बुचकळ्यात पडतं. पोरं गमतीनं "छू" करून कुत्रं अंगावर सोडतात. हा खेळ पहिल्या दिवसापासून बंद. आपलं जनावर सांभाळण्यात हयगय झाली आणि त्यापासून कुणाला इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कुत्रं चावलंच, लस टोचलेलं असलं तरी, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसायचं नाही.

पाच-सहा महिन्यांचं झालं की पिल्लू भुंकायला लागतं, पण तेव्हा ते चंद्रालाही भुंकतं. खरी समज दीड वर्षानंतर येते. तोवर धीर धरा.

रात्री कुत्रं कुठं?

आपल्या शिवारातल्या बिबट्याला कुत्रं म्हणजे जेवण. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात वजनाच्या हिशोबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. तेव्हा रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं हे राखणदार नसतं, आमिष असतं. त्याला लढता येत नाही, पळताही येत नाही.

गोठ्याला लागून सहा बाय चार फुटांचा पिंजरा करून घ्या. जाड वेल्डमेश जाळी, वर पत्रा, खाली कोबा, दाराला आतून ढकलून उघडणार नाही अशी कडी. नुसत्या कोंबडीच्या जाळीला बिबट्या दाद देत नाही. तोंड वाटेकडं ठेवा, म्हणजे आतून दिसेल आणि ऐकू येईल. दिवस मावळायला कुत्रं आत, उजाडल्यावर बाहेर. "आत कोंडलेलं कुत्रं काय राखण करणार?" असं मलाही वाटायचं. पण सुरक्षित असलेलं कुत्रं जास्त भुंकतं. उघड्यावरचं घाबरलेलं कुत्रं गप्प बसतं. घराभोवती वीस-पंचवीस फूट ऊस लावू नका. तेवढी जागा मोकळी असली की कुत्र्यालाही अंदाज येतो, तुम्हालाही.

दिवसाही दोन धोके. काही लोक डुकरांसाठी गावठी बॉम्ब किंवा तारेचे फासे ठेवतात, काही जण कुंपणात थेट वीज सोडतात. यात डुकरापेक्षा कुत्रं आधी सापडतं. शेजारच्या रानात असं काही आहे का, ते विचारा आणि आढळलं तर गप्प बसू नका.

खाणं-पिणं

ज्वारीची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून, रोज एक उकडलेलं अंडं, आठवड्यातून दोनदा मटणाच्या दुकानातलं शिजवलेलं आतडं-फुप्फुस. कारवान असेल तर मांस जास्त लागतं. शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत, ती तुटून आतड्यात रुततात. कांदा-लसूण नको, म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा आपल्यापुरताच. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. रात्रीचं खाणं पिंजऱ्यातच द्या, म्हणजे आत न्यायला ओढाताण करावी लागत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर रोज अंग चाचपायचं. गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली बसते. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप आला तर गोचीडताप समजून लगेच दवाखाना. पावसात सापही बाहेर पडतात. तोंडाला किंवा पायाला अचानक सूज आली तर मांत्रिक नको, थेट डॉक्टर.

नदीकाठच्या वस्त्यांसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१च्या महापुरात पंचगंगेकाठची गावं रातोरात सोडावी लागली. पाणी वाढतंय असं कळलं की सगळ्यात आधी साखळ्या सोडा आणि पिंजरे उघडा. माणसं न्यायला नाव येते तेव्हा कुत्र्याची आठवण कुणाला राहत नाही. मोकळं कुत्रं उंचावर जातं.

भुंकणं वाचायला शिका

दोन वर्षांत कुत्रं तुम्हाला शिकवायला लागतं. माणूस आला तर चिमी सलग, खालच्या आवाजात भुंकते आणि वाटेकडं तोंड करते. कोल्ह्याला तोडून तोडून, चिडून. सापाला उड्या मारत, चिरक्या आवाजात, एकाच जागेकडं बघून. भुंकलं की तोंडावर ओरडून गप्प करू नका. उठा, दारातूनच बॅटरी टाका, काय आहे ते बघा आणि मग "बास" म्हणा. तुम्ही उठत नाही असं कळलं की तेही भुंकायचं सोडतं.

आणि एखाद्या रात्री भुंकता-भुंकता एकदम गप्प झालं, पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन शेपूट पोटाखाली घालून बसलं, गोठ्यात म्हशी उठून उभ्या राहिल्या, तर दार उघडायचं नाही. आतूनच बाहेरचे दिवे लावायचे, मोठ्यानं बोलायचं, ताट वाजवायचं, शेजारच्या वस्तीला फोन करायचा. ठसे सकाळी उजाडल्यावर बघायचे.